मृत्यू, रूह आणि अल्लाहचे सार्वभौमत्व : इस्लामी शिकवणीचे विवेचन

प्रास्ताविक

मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांत कुणाच्या निधनाची वार्ता देताना 'इंतकाल झाला' किंवा 'वफात झाली' असे म्हटले जाते. रोजच्या वापरामुळे या दोन शब्दांच्या अर्थाकडे आपले लक्ष जात नाही. 'इंतकाल' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे, स्थलांतर. 'वफात' हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला आहे त्याचा अर्थ पुरेपूर करणे, पूर्ण फेडणे असा आहे. त्याच धातूपासून 'तवफ्फी' हा शब्द तयार होतो आणि कुरआनात मृत्यूच्या संदर्भात तो वारंवार येतो. त्याचा अर्थ, दिलेली वस्तू काहीही शिल्लक न ठेवता परत घेणे. म्हणजे मृत्यू हा नाश नसून एक परतफेड आहे, आणि परत घेणारा तोच आहे ज्याने ती वस्तू मुळात दिली होती. मृत्यूविषयीची इस्लामी शिकवण या दोन शब्दांत बीजरूपाने आली आहे.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. रूह म्हणजे काय आणि मृत्यूच्या वेळी नेमके काय घडते? मृत्यूवर सत्ता कोणाची? आणि ही सत्ता मान्य केल्यावर माणसाच्या हाती कोणती कर्तव्ये उरतात? तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. 'अल्लाहची मर्जी' हे शब्द आपल्या समाजात धीर देण्यासाठी वापरले जातात, तसेच कधीकधी हलगर्जीपणा झाकण्यासाठीही वापरले जातात. औषधोपचारात दिरंगाई झाली, मृताचे कर्ज फेडायचे राहिले, विधवेचा मेहर बुडाला, तरी सगळ्यावर याच शब्दांचे पांघरूण घातले जाते. मूळ शिकवणीला हे मान्य आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे.

रूह आणि नफ्स

मराठीत लिहिताना 'रूह' या शब्दासाठी 'आत्मा' हा शब्द सर्रास वापरला जातो. व्यवहारासाठी तो चालण्यासारखा असला, तरी दोन्ही शब्दांमागील कल्पना एक नाहीत हे ध्यानात ठेवले पाहिजे. वेदान्ती परंपरेतील आत्मा अजन्मा व अनादी आहे. इस्लाममध्ये मात्र रूह ही अल्लाहने निर्माण केलेली आहे. ती ईश्वराचा अंश नाही. आदम (अ.) यांच्या देहात अल्लाहने आपली रूह फुंकली, असा उल्लेख सूरह अल-हिज्र (१५:२९) आणि सूरह साद (३८:७२) मध्ये येतो. तेथील 'आपली' हा शब्द गौरवदर्शक व मालकीदर्शक आहे. काबागृहाला 'अल्लाहचे घर' म्हणतात म्हणून अल्लाह त्यात राहतो असे आपण मानत नाही, त्याप्रमाणेच हे समजावे, असे बहुसंख्य भाष्यकारांचे मत आहे.

रूहच्या स्वरूपाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांना प्रत्यक्ष प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:८५) आले आहे. रूह ही माझ्या पालनकर्त्याच्या आज्ञेतील बाब असून तुम्हाला अल्पसेच ज्ञान देण्यात आले आहे, असा त्याचा आशय आहे. या उत्तराने जिज्ञासेला बंदी केली नाही, फक्त तिची मर्यादा दाखवून दिली. म्हणूनच मुस्लिम विचारवंतांनी या विषयावर पुढे विपुल लिहिले. इब्न सीना (मृत्यू इ.स. १०३७) यांनी मानवी जीव हे देहाहून वेगळे, अभौतिक तत्त्व असल्याचे प्रतिपादन केले. इमाम गझाली (मृत्यू हि. ५०५, इ.स. ११११) यांनी तत्त्वज्ञांवर टीका केली असली, तरी या मुद्द्यावर त्यांचा कल त्याच बाजूला दिसतो. त्यांच्या 'इह्या उलूम-अद्-दीन' या ग्रंथाचे चाळिसावे आणि अखेरचे प्रकरण मृत्यूचे स्मरण व त्यानंतरची अवस्था या विषयाला वाहिलेले आहे. उलट इब्न कय्यिम (मृत्यू हि. ७५१, इ.स. १३५०) यांनी 'किताब-अर-रूह' या स्वतंत्र ग्रंथात वेगळे मत मांडले. गुलाबाच्या पाकळीत जसे पाणी भिनलेले असते, तशी रूह म्हणजे देहभर व्यापलेले एक सूक्ष्म अस्तित्व होय, असे ते म्हणतात. मतभेद रूहच्या स्वरूपाविषयी आहेत. ती निर्मित आहे आणि मृत्यूनंतर तिला अस्तित्व आहे, याबाबत मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

रूहबरोबर 'नफ्स' हा दुसरा शब्द येतो. त्याचा अर्थ स्वतः, व्यक्ती, जीव असा प्रसंगानुसार बदलतो. कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. वाईटाकडे ओढणारी 'अम्मारा' (१२:५३), स्वतःची निर्भर्त्सना करणारी 'लव्वामा' (७५:२) आणि समाधान पावलेली 'मुत्मइन्ना' (८९:२७). मृत्यूसमयी परत बोलावले जाते ते या तिसऱ्या अवस्थेतील नफ्सला प्रेमाने, अशी सूरह अल-फज्रची मांडणी आहे. प्रत्येक नफ्सला मृत्यूची चव घ्यावयाची आहे हे विधान कुरआनात तीन ठिकाणी आले आहे (३:१८५, २१:३५, २९:५७). येथे 'चव घेणे' हा शब्द लक्षणीय आहे. काही भाष्यकारांनी त्यावरून असा निष्कर्ष काढला की, चव घेणारा चव घेताना अस्तित्वात असतो. म्हणजे मृत्यूमुळे देह निकामी होत असला तरी चव घेणारी नफ्स नाहीशी होत नाही.

निद्रा आणि मृत्यू

मृत्यू समजावून सांगण्यासाठी कुरआनाने सर्वांच्या रोजच्या अनुभवातील दृष्टांत निवडला आहे, तो म्हणजे झोप. सूरह अज-जुमर (३९:४२) नुसार अल्लाह जीवांना मृत्यूच्या वेळी ताब्यात घेतो आणि जे मेलेले नाहीत त्यांना झोपेत ताब्यात घेतो. ज्यांच्या मृत्यूचा निर्णय झाला त्यांना तो रोखून ठेवतो, इतरांना ठरावीक मुदतीपर्यंत परत पाठवतो. सूरह अल-अनआममध्येही (६:६०) रात्रीच्या झोपेसाठी 'तवफ्फी' हाच शब्द आला आहे. प्रेषितांनी (स.) झोपताना व उठताना शिकविलेल्या दुआंचा गाभाही हाच आहे. निजताना माणूस जणू मरणाच्या स्वाधीन होतो आणि जागे होताच पुन्हा जीवन दिल्याबद्दल अल्लाहची स्तुती करतो. ही दुआ अर्थ जाणून म्हणणाऱ्या माणसाला मृत्यू अगदीच अनोळखी राहत नाही.

मृत्यूनंतर पुनरुत्थानापर्यंतच्या काळाला 'बरजख' म्हणतात (२३:१००). या शब्दाचा मूळ अर्थ आडपडदा किंवा अडसर असा आहे. दोन समुद्रांचे पाणी एकमेकांत मिसळू न देणाऱ्या अडसरालाही कुरआनाने हाच शब्द वापरला आहे (५५:२०). ज्या आयतीत बरजखचा उल्लेख येतो तिच्या आधी मरणारा माणूस विनवणी करतो की मला परत पाठव, म्हणजे मी मागे ठेवलेल्या गोष्टींत सत्कृत्ये करीन. ही विनंती नाकारली जाते. त्यामुळे इस्लाममध्ये पुनर्जन्माला जागा नाही. आहे ते पुनरुत्थान. एकच आयुष्य, एकच मृत्यू आणि एकच हिशेब. मागे ठेवलेले काम परत येऊन पूर्ण करण्याची सोय नाही, म्हणून ते आजच करावे लागते.

प्राण कोण घेतो?

कुरआनाच्या वाचकाला येथे एक शंका येते. सूरह अज-जुमरमध्ये अल्लाह स्वतः जीव घेतो असे म्हटले आहे. सूरह अस-सजदामध्ये (३२:११) नेमून दिलेला मृत्यूचा फरिश्ता, 'मलकुल-मौत', जीव घेतो असे म्हटले आहे. आणि सूरह अल-अनआममध्ये (६:६१) अनेक दूत हे काम करतात असे आले आहे. मग खरे काय? भाष्यकारांनी याचे उत्तर सोपे करून दिले आहे. आज्ञा अल्लाहची, जबाबदारी मलकुल-मौतची आणि साहाय्य इतर फरिश्त्यांचे. न्यायालयाच्या हुकमाची बजावणी बेलीफ करतो म्हणून हुकूम बेलीफचा ठरत नाही. मलकुल-मौतसाठी लोकांत रूढ असलेले 'इज्राईल' हे नाव कुरआनात आलेले नाही, हेही नमूद करणे योग्य होईल. कुरआनाने त्याच्या नावापेक्षा त्याच्या अधिकाराची मर्यादा सांगणे महत्त्वाचे मानले. तो नेमलेला आहे, स्वयंभू नाही.

हाच न्याय रोग, अपघात, वार्धक्य या कारणांनाही लागू होतो. ती कारणे खरी आहेत, पण स्वतंत्र सत्ताधीश नाहीत. अल्लाहच्या अनुमतीखेरीज कोणताही जीव मरू शकत नाही आणि त्याची मुदत लिहिलेली आहे, असे सूरह आले-इम्रान (३:१४५) सांगते. कोणत्या भूमीवर आपल्याला मरण येईल हे कुणालाही ठाऊक नाही, असे सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत (३१:३४) म्हटले आहे.

मालिक आणि मलिक

प्रत्येक नमाजात पठण होणाऱ्या सूरह अल-फातिहामध्ये अल्लाहचे वर्णन निवाड्याच्या दिवसाचा स्वामी असे येते. या ठिकाणी दोन मान्य पाठ आहेत. भारतात प्रचलित असलेल्या आसिम-हफ्स पाठात 'मालिक' (धनी) असे वाचले जाते, तर नाफेअ यांच्या पाठात 'मलिक' (राजा) असे वाचतात. दोन्ही पाठ प्रमाण आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांना पूरक आहेत. राजा राज्य करतो, पण प्रजेच्या घरादाराचा तो धनी असतोच असे नाही. धन्याची वस्तूवर मालकी असते, पण त्याचा हुकूम घराबाहेर चालत नाही. अल्लाहच्या ठायी मालकी आणि राज्य ही दोन्ही एकत्र आहेत, हे या दोन पाठांतून व्यक्त होते. मराठीतील 'मालक' आणि 'मुलूख' हे शब्द याच अरबी धातूपासून आपल्याकडे आले आहेत. सार्वभौमत्वाची कल्पना आपल्या भाषेलाही परकी नाही, असे यावरून म्हणता येईल.

या सत्तेची कसोटी मृत्यूपाशी लागते. सूरह अल-बकरामध्ये (२:२५८) हजरत इब्राहीम (अ.) आणि एक राजा यांच्यातील वाद आला आहे. कुरआनाने त्या राजाचे नाव दिलेले नाही, भाष्यकार त्याला नमरूद म्हणतात. माझा पालनकर्ता जीवन व मृत्यू देतो, असे इब्राहीम (अ.) म्हणाले. त्यावर जीवन व मृत्यू मीही देतो, असे राजाने उत्तर दिले. त्याने दोन बंद्यांना बोलावून एकाला ठार करविले व दुसऱ्याला सोडून दिले, असे भाष्यकार सांगतात. ठार करण्याची शक्ती म्हणजे मृत्यूवरची सत्ता, हा त्याचा गैरसमज होता. इब्राहीम (अ.) यांनी शब्दच्छल केला नाही. पूर्वेकडून उगवणारा सूर्य पश्चिमेकडून आणून दाखव, एवढेच त्यांनी म्हटले आणि राजा निरुत्तर झाला.

सूरह अल-वाकिआमध्ये (५६:८३-८७) हाच प्रश्न सर्व माणसांना विचारला आहे. प्राण कंठाशी येतात, तुम्ही भोवती उभे राहून पाहत असता, आणि तुम्ही कुणाचे अंकित नसाल तर तो प्राण परत फिरवा. मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेल्या कोणत्याही माणसाला या आयतींचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या सार्वभौमत्वाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जीव घेण्याचा अधिकार एका अल्लाहचा असेल, तर तो अन्य कुणाचाही उरत नाही. एका निरपराधाची हत्या म्हणजे जणू समस्त मानवजातीची हत्या (५:३२) आणि स्वतःचा जीव घेण्यास मनाई (४:२९), ही दोन्ही विधाने त्याच तत्त्वातून निघतात. माणूस स्वतःच्या जीवाचाही मालक नाही. संकटाला कंटाळून मृत्यूची इच्छाही करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण ह. अनस (रजि.) यांनी नोंदविली आहे. अगदीच असह्य झाले तर जीवन हितकर असेल तोवर जगव आणि मृत्यू हितकर असेल तेव्हा ने, अशी प्रार्थना करावी, म्हणजे निर्णय पुन्हा अल्लाहकडेच सोपवावा.

ग्रहणाचा दिवस

या शिकवणीची सर्वांत कठीण परीक्षा खुद्द प्रेषितांच्या (स.) घरात झाली. ह. मारिया किब्तिया (रजि.) यांच्यापासून झालेले त्यांचे पुत्र इब्राहीम हिजरी १० मध्ये वारले. बाळ दोन वर्षांचेही झाले नव्हते. प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले आणि त्यांनी तसे विचारले. ही दया आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. डोळे पाणावतात, अंतःकरण दुःखी होते, पण मुखातून तेच निघावे जे पालनकर्त्याला आवडेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. म्हणजे शोक हा श्रद्धेच्या विरोधात नाही. निषिद्ध आहे ते कपडे फाडणे, गाल बडवणे आणि अल्लाहविरुद्ध तक्रार करणे.

त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. खगोलगणितानुसार ते २७ जानेवारी ६३२ चे ग्रहण मानले जाते. इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यालाही ग्रहण लागले, असे लोक बोलू लागले. एखाद्या धर्मनेत्याला आपली थोरवी वाढविण्याची याहून मोठी संधी मिळाली नसती. परंतु पुत्रशोकात असतानाही प्रेषितांनी (स.) लोकांचा गैरसमज तत्काळ दूर केला. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी जाहीर केले. अल्लाहच्या सार्वभौमत्वात प्रेषितांच्या (स.) पुत्राच्या मृत्यूलाही वाटा नाही, हे येथे स्पष्ट झाले. निसर्गनियम आणि व्यक्तिगत दुःख यांची गल्लत होऊ न देण्याचा हा धडा आजही मोलाचा आहे.

काही महिन्यांनी, हिजरी ११ च्या रबीउल-अव्वलमध्ये (जून ६३२), प्रेषितांचाच (स.) इंतकाल झाला. ह. उमर (रजि.) यांच्यासारखा खंबीर पुरुष ते मानावयास तयार नव्हता. ह. अबू बक्र (रजि.) आले, त्यांनी प्रेषितांच्या (स.) मुखावरील वस्त्र दूर करून चुंबन घेतले आणि बाहेर येऊन लोकांना समजावले की, ज्यांची उपासना मुहम्मदांची होती त्यांनी जाणावे की ते वारले, आणि ज्यांची उपासना अल्लाहची होती त्यांचा अल्लाह जिवंत आहे, त्याला मृत्यू नाही. मग त्यांनी सूरह आले-इम्रानमधील आयत (३:१४४) म्हटली. ती ऐकताच ह. उमर (रजि.) यांचे पाय लटपटले. तौहीदचा संपूर्ण आशय त्या दिवशी मदीनेला उमगला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तकदीर आणि प्रयत्न

मृत्यूची मुदत ठरलेली असेल तर औषध कशासाठी, हा प्रश्न नवा नाही. हिजरी १७-१८ (इ.स. ६३८-६३९) च्या सुमारास ह. उमर (रजि.) शाम प्रांताकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेगची साथ असल्याची खबर मिळाली. त्यांनी आधी मुहाजिरांशी, मग अन्सारांशी आणि नंतर कुरैशच्या वडीलधाऱ्यांशी सल्लामसलत केली. पहिल्या दोन गटांत मतभेद होते, तिसऱ्या गटाने एकमुखाने परत फिरण्यास सांगितले. ह. उमर (रजि.) यांनी परतीचा निर्णय घेतला तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, हा अल्लाहच्या तकदीरीपासून पळ नव्हे काय? ह. उमर (रजि.) म्हणाले की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. त्यांनी उंटांचे उदाहरण दिले. दरीच्या एका उतारावर हिरवे गवत आहे, दुसरा उतार ओसाड आहे. उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरीनुसारच. पण शहाणा माणूस हिरवा उतार निवडतो. एवढ्यात ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले आणि साथीच्या मुलखात जाऊ नये व असाल तर तेथून पळू नये, हा प्रेषितांचा (स.) आदेश त्यांनी सांगितला. ह. अबू उबैदा (रजि.) पुढे त्याच अमवासच्या प्लेगमध्ये वारले.

या एका प्रसंगातून तीन गोष्टी सिद्ध होतात. तकदीर म्हणजे निष्क्रियता नव्हे. सल्लामसलत आणि जाणत्यांचे मत घेणे हा श्रद्धेचाच भाग आहे. आणि साथीच्या काळात स्वतःला जपणे हे इतरांनाही जपणे आहे. २०२० च्या महामारीत मशिदी काही काळ बंद ठेवाव्या लागल्या, जनाज्याला मोजकी माणसे हजर राहिली. पुष्कळांच्या मनाला ते लागले. पण ज्या समाजाजवळ सर्गचा वृत्तान्त आहे, त्याला हे निर्बंध धर्माविरुद्ध वाटण्याचे कारण नव्हते.

आधुनिक वैद्यकाने आणखी एक प्रश्न उभा केला आहे. यंत्राच्या साहाय्याने श्वास चालू आहे पण मेंदूचे कार्य कायमचे थांबले आहे, अशा माणसाला मृत म्हणावे काय? ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात, मेंदूची सर्व कार्ये कायमची थांबल्याचे तज्ज्ञ वैद्यांनी ठरविल्यास मृत्यू झाला असे मानण्यास मान्यता देण्यात आली. मक्केच्या फिकह परिषदेने १९८७ मध्ये यंत्र काढण्यास अनुमती दिली, परंतु हृदय व श्वास थांबेपर्यंत मृत्यूचे शरई परिणाम, म्हणजे वारसा इत्यादी, लागू होणार नाहीत असे मत दिले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभ-मृत्यूला मान्यता दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबविण्यास अटींसह अनुमती दिली. उलेमांत या विषयावर आजही एकमत नाही. तरी जीव घेण्याच्या हेतूने केलेली कृती आणि निष्फळ उपचार थांबवून मृत्यूला त्याच्या वाटेने येऊ देणे, या दोहोंत फरक केला पाहिजे, हे तत्त्व चर्चेच्या मुळाशी आहे. अशी वेळ येणाऱ्या कुटुंबाने डॉक्टर आणि जाणता आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा. नातेवाइकांनी यंत्र काढण्यास संमती देणाऱ्या मुलाला वा पत्नीला दोष देत राहू नये.

अनामत आणि तिचा हिशेब

ह. उम्मे सुलैम (रजि.) यांचे मूल वारले तेव्हा त्यांचे पती ह. अबू तल्हा (रजि.) घरी नव्हते. ते परत आल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला. कुणी एखाद्या घराला वस्तू वापरण्यास दिली आणि मग परत मागितली, तर ती नाकारता येईल काय? पती म्हणाले, नाही. तेव्हा त्या म्हणाल्या की, आपल्या मुलाबाबत असेच समजून सबूर करा. अरबीतील 'अमानत' मराठीत 'अनामत' होऊन आली आहे. बँकेतील अनामत रक्कम परत करावी लागते हे आपल्याला पटते, जीवाबाबत तेच पटण्यास वेळ लागतो.

पण अनामत केवळ जीवाची नसते. मृताकडे इतरांचीही देणी असतात. ह. सलमा बिन अक्वा (रजि.) यांनी सांगितलेल्या वृत्तानुसार एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही मालमत्ता नव्हती. प्रेषितांनी (स.) त्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पढण्याचे थांबविले आणि इतरांना पढण्यास सांगितले. ह. अबू कतादा (रजि.) यांनी कर्जाची हमी घेतल्यावरच त्यांनी नमाज पढविली. पुढे परिस्थिती सुधारल्यावर, निष्कांचन मृतांची देणी प्रेषितांनी (स.) स्वतःकडे घेतली. कुरआनाने वारसाहक्काचे वाटे सांगताना ते वसीयत व कर्ज भागविल्यानंतरच आहेत, हे पुन्हा पुन्हा बजावले आहे (४:११-१२). फिकहनुसार क्रम असा आहे. प्रथम कफन-दफनाचा माफक खर्च, मग कर्जाची फेड, मग उरलेल्याच्या एक-तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, आणि शेवटी वारसांची वाटणी. न दिलेला मेहर हे पत्नीचे पतीवरील कर्ज आहे. मृत्युशय्येवरील पतीचे हात धरून पत्नीकडून मेहर माफ करवून घेण्याचा प्रकार आपल्याकडे पाहावयास मिळतो. जनाजा उठण्यापूर्वी भरल्या घरात, चार वडीलधाऱ्यांसमोर, 'माफ केला म्हण' असे सांगितले गेल्यावर कोणती स्त्री नाही म्हणेल? अशा दबावाखाली दिलेल्या माफीला मनापासूनच्या संमतीचे मोल नाही.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर शाफई आणि दख्खनच्या पठारावर हनफी परंपरा प्रामुख्याने आढळते. नमाजे-जनाजाच्या तपशिलात दोहोंत थोडा फरक आहे, पण कर्जफेडीच्या या क्रमात फरक नाही. तरीही जियारत, चाळिसावा यांचे जेवण घालण्यासाठी कर्ज काढले जाते आणि मृताचे जुने कर्ज तसेच राहते. ईसाले-सवाबविषयी उलेमांत मतभिन्नता आहे, आणि तो वाद येथे करावयाचा नाही. मात्र मूतहच्या लढाईत (हि. ८, इ.स. ६२९) ह. जाफर (रजि.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी इतरांनी अन्न शिजवून न्यावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले होते, याचा विसर पडू नये. दुःखी घराने गावाला जेवू घालावे असे नसून गावाने दुःखी घराला जेवू घालावे, अशी ही रीत आहे. यतीम मुलांच्या वाट्याच्या पैशातून जेवणावळी उठत असतील, तर तो सरळ हक्काचा प्रश्न होतो.

समारोप

माणूस मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून : चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी सदाचारी संतती, अशा आशयाची हदीस सही मुस्लिममध्ये आहे. या तिन्हींचा पाया जिवंतपणीच घालावा लागतो. शिक्षणसंस्थेला दिलेली मदत, गरीब मुलीची भरलेली फी, वाचनालयाला दिलेले ग्रंथ ही या हदीसचीच आजची रूपे होत.

विवेचनाचा सारांश असा की, रूह अल्लाहने निर्माण केली, तिची मुदत त्याच्या हाती आहे, आणि तिचा हिशेबही त्याच्याच दरबारात व्हावयाचा आहे. या सार्वभौमत्वाचा स्वीकार माणसाला दुःखात धीर देतो, जुलमी सत्तेपुढे निर्भय करतो आणि दुसऱ्याच्या जीवाला हात लावण्यापासून रोखतो. परंतु त्याच स्वीकारातून जबाबदारीही येते. सूरह अल-मुल्कच्या आरंभी (६७:२) मृत्यूचा उल्लेख जीवनाच्याही आधी आला आहे, आणि दोन्हींचा हेतू एकच सांगितला आहे : कोणाची कृती अधिक चांगली, याची परीक्षा.

ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखे काही आहे त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, असे ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचे म्हणणे आहे. हे ऐकल्यापासून आपण एकही रात्र वसीयतनाम्याशिवाय काढली नाही, असे ते म्हणत. वाचकांपैकी प्रत्येकाने आजच एक कागद घ्यावा. कोणाचे किती देणे आहे, कोणाकडून किती येणे आहे, पत्नीचा मेहर दिला की राहिला, कोणाची वस्तू आपल्याकडे ठेवलेली आहे, हे त्यावर लिहावे आणि तो कागद कोठे आहे ते घरात दोघांना सांगून ठेवावे. मृत्यूवरील श्रद्धेची ही अगदी साधी खूण आहे, आणि मागे राहणाऱ्यांना तिचा सर्वाधिक उपयोग होतो.